गोचीड, गाय आणि मुलूख

गाईच्या कानाच्या पाळीत, कासेच्या खोबणीत, शेपटीच्या बुडाशी चिकटलेला गोचीड आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. दिसला की तो हाताने उपटतो, फारच वाढले तर औषध आणून फवारतो, आणि महिन्याभराने पुन्हा तेच करतो. गोचीड रक्त पितो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण रक्त ओढताना तो गाईच्या अंगात लाळही सोडत असतो, आणि त्या लाळेबरोबर जे सूक्ष्म जीव उतरतात त्यांच्यामुळे पंधरा-वीस लिटर दूध देणारी गाय आठवड्याभरात दगावू शकते, हे पुष्कळ गोठ्यांत पहिली गाय गेल्यावरच कळते. हे पुस्तक त्या सूक्ष्म जीवांविषयी, त्यांना वाहून आणणाऱ्या गोचिडांविषयी आणि त्यांना वेगवेगळ्या रीतीने तोंड देणाऱ्या देशी, विदेशी व संकरित जनावरांविषयी आहे. मराठीत या विषयावर पत्रके निघतात, कृषी मासिकांत पावसाळ्याच्या तोंडावर लेख येतात. पण सगळा विषय एका जागी, त्याच्या इतिहासासकट मांडणारे पुस्तक हवे होते.

नव्या वाचकासाठी आधी आजारांची ओळख. आपल्याकडे मुख्यतः तीन आजारांचा विचार करावा लागतो. पहिला गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस. थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशीय परजीवी त्याला कारण. गाईला १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप चढतो, खांद्यापुढची गाठ मुठीएवढी सुजते, चारा सुटतो, दूध एकदम आटते. पुढे डोळ्यांच्या आतला पडदा पांढुरका पडत जातो आणि धाप लागते. दुसरा बबेसिओसिस. यात परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्यांतले रक्तद्रव्य लघवीवाटे पडते आणि गाय कॉफीच्या रंगाचे मुतते. तिसरा ॲनाप्लाझ्मोसिस. यातही रक्त कमी होते, कावीळ होते, शेण घट्ट पडते, पण लघवी लाल होत नाही, कारण बाधित पेशी रक्तवाहिनीत न फुटता प्लीहेत गाळल्या जातात. ॲनाप्लाझ्मा हा काटेकोर अर्थाने परजीवी नसून जिवाणू आहे. तरीही शंभर वर्षांपासून त्याचा अभ्यास या दोघांबरोबर होत आला आहे, आणि गोठ्यात तो त्यांच्या सोबतीनेच येतो, म्हणून त्याला इथे जागा दिली आहे.

लाल लघवी दिसली की बबेसिया, असे समजून औषध टोचणे धोक्याचे असते. व्यालेल्या म्हशीच्या अंगातले स्फुरद कमी झाले तरी लघवी लाल होते. तिला परजीवीवरचे औषध देऊन उपयोग नसतो, स्फुरदच द्यावे लागते. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर पसरायचे, गिम्झा रंगाने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे ही सव्वाशे वर्षे जुनी रीत आजही तालुक्याच्या दवाखान्यात सर्वांत भरवशाची आहे. या पुस्तकात तिच्यावर इतकी पाने खर्ची घातली आहेत त्याचे कारण हेच.

तिघांत थायलेरियाची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. गोचिडाच्या लाळेतून आलेला परजीवी आधी पांढऱ्या पेशीत शिरतो, तांबड्या पेशींकडे तो पुढे वळतो. पांढरी पेशी खरे तर शरीराची राखणदार. थायलेरिया तिला मारत नाही. तो तिची वाढ थांबवणारी यंत्रणाच मोडून टाकतो, आणि ती पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी अमर्याद विभागत राहते. पेशी दुभंगताना ज्या तंतूंवर तिची गुणसूत्रे ओढली जातात त्याच तंतूंना परजीवीही चिकटतो आणि दोन्ही नव्या पेशींत वाटला जातो. खांद्यापुढची गाठ सुजते ती या वाढत्या पेशींमुळे. यजमानाच्या पेशीचे असे रूपांतर घडवणारा दुसरा एकपेशीय परजीवी माहीत नाही. त्याहून चकित करणारी बाब म्हणजे औषधाने परजीवी मेला की ती पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. म्हणून गुरांच्या दवाखान्याशी कधी संबंध न आलेले कर्करोग-अभ्यासकही या परजीवीच्या मागे लागलेले आहेत.

आता गोचीड. सगळे गोचीड सारखे जगत नाहीत, आणि उपाय फसतात ते बहुधा इथेच. बबेसिया वाहणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा एकाच जनावरावर आयुष्य काढतो. डिंभ म्हणून चढतो, तिथेच दोनदा कात टाकतो आणि साधारण तीन आठवड्यांनी रक्ताने टंच भरलेली मादी गळून पडून गवतात, मातीत दोन-तीन हजार अंडी घालते. बबेसिया या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. थायलेरिया वाहणारा हायलोमा ॲनाटोलिकम मात्र वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी जनावरे धरतो आणि मधल्या काळात गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, गव्हाणीच्या खाली दडून बसतो. त्याच्यात परजीवी अंड्यांतून उतरत नाही. डिंभ किंवा अर्भक असताना बाधित जनावराचे रक्त पिऊन तो लागण घेतो, कात टाकतो आणि पुढच्या जनावराला देतो. म्हणून नुसत्या गाईवर औषध मारून हायलोमा हटत नाही. तो भिंतीत असतो. भेगा बुजवणे, चुना लावणे, फ्लेमगनने सांधे भाजणे ही गवंड्याची कामे गोचीड तापाच्या बाबतीत इंजेक्शनाइतकीच महत्त्वाची ठरतात. गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळग्रंथीत परजीवी पक्व व्हायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे रोज खरारा करून गोचीड काढणाऱ्या जुन्या सवयीलाही भक्कम शास्त्रीय आधार आहे. फक्त तो उघड्या बोटांनी चिरडू नये. का, ते पुढे येईल.

या ज्ञानाची सुरुवात गाईंच्या प्रवासातून झाली. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर टेक्ससची लांब शिंगांची गुरे कळपाकळपाने उत्तरेकडे, कॅन्सससारख्या राज्यांतल्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकली जाऊ लागली. टेक्ससची गुरे ठणठणीत दिसत. पण ती ज्या वाटेने जात त्या वाटेवरची उत्तरेतली गुरे महिना-दीड महिन्याने लाल मुतून मरत. गुराखी म्हणत, हे गोचिडांचे काम आहे. शिकलेल्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. रुमानियात व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये अशाच आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्म जीव पाहिले होते, बबेसिया हे नाव त्यांच्यावरूनच पडले. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किल्बर्न यांनी काही दक्षिणी गुरांच्या अंगावरचे गोचीड वेचून काढले, काहींचे राहू दिले, आणि दोन्ही गटांना वेगवेगळ्या कुरणांत उत्तरेच्या गुरांशेजारी ठेवले. गोचीड असलेल्या कुरणातलीच गुरे आजारी पडली. पुढे असेही दिसले की रोग देतात ती आधीच्या गोचिडांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले. महिनाभराच्या विलंबाचे कोडे त्याने सुटले. १८९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासात मलेरियाचा परजीवी सापडला तो १८९७ मध्ये. एकपेशीय परजीवीचा रोग संधिपाद जीवामार्फत पसरतो याचा पहिला पुरावा माणसाच्या दवाखान्यातून आला नाही, गाईच्या कुरणातून आला. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे.

पुढचा अध्याय आफ्रिकेतला. १८९६-९७ च्या बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतली बहुतेक गुरे नेली. बोअर युद्धाने उरलीसुरली कमी केली. भरपाई म्हणून पूर्व किनाऱ्यावरून जहाजांनी गुरे आणली गेली, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आजाराने १९०२ पासून ऱ्होडेशियात हाहाकार उडवला. रॉबर्ट कॉख यांना मुद्दाम बोलावण्यात आले. त्यांना सुरुवातीला तो टेक्सस तापच वाटला. तो वेगळा आजार आहे हे स्पष्ट करण्यात स्वित्झर्लंडमधून आलेले पशुवैद्य अर्नॉल्ड थायलर यांचा मोठा वाटा होता. थायलेरिया हे नाव १९०७ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ दिले गेले. ॲनाप्लाझ्मा मार्जिनेलही त्यांनीच १९१० मध्ये ओळखला. आपल्याकडचा थायलेरिया ॲन्युलाटा या आफ्रिकी आजाराचा भाऊबंद आहे. तो प्रथम १९०४ मध्ये कॉकेशसपलीकडच्या प्रदेशात झुंकोव्स्की आणि लूस यांनी वर्णिला, आणि अल्जीरियातल्या पाश्चर संस्थेत एदमाँ सेरजाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा दीर्घ अभ्यास केला.

भारतातल्या पशुरोग-संशोधनाची पहिली प्रयोगशाळा पुण्यात निघाली हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी इथे सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. बुळकांडीविरुद्ध लढणे हे तिचे पहिले काम होते, आणि त्या कामातच गोचिडांच्या आजारांनी आपले अस्तित्व दाखवले. बुळकांडीची प्रतिकारशक्ती देण्यासाठी एका जनावराचे रक्त दुसऱ्याला टोचत, तेव्हा त्या रक्तात लपलेले परजीवीही जात. वरून धडधाकट दिसणारे देशी जनावर वर्षानुवर्षे परजीवी बाळगून असते, ही गोष्ट तेव्हापासून पशुवैद्यांच्या डोक्यात पक्की बसली.

या आजारांना तोंड कसे द्यायचे यावर जगात वेगवेगळी मते रुजली, आणि आजच्या प्रत्येक सल्ल्याच्या मागे त्यांपैकी एखादे उभे असते. अमेरिकेने गोचीडच संपवायचा असे ठरवले. १९०६ ते १९४३ या काळात दक्षिणेतल्या गुरांना आर्सेनिकच्या हौदांतून सक्तीने पुनःपुन्हा बुडवून काढले गेले. छोट्या शेतकऱ्यांना ही सक्ती इतकी जाचक झाली की काही ठिकाणी त्यांनी हौद सुरुंगाने उडवले. तरी मोहीम यशस्वी झाली, मेक्सिकोच्या सीमेवरचा एक पट्टा तेवढा आजही कायमच्या निगराणीखाली आहे. त्या पट्ट्यात अमेरिकेला आज एक मोठी डोकेदुखी आहे ती आपल्या नीलगाईची. शिकारीसाठी विसाव्या शतकात टेक्ससच्या रानात सोडलेल्या नीलगाई तिथे वाढल्या आणि गोचीड घेऊन हिंडू लागल्या. आपल्या देशात गुरे मोकळी चरतात, म्हशी-शेळ्या त्यांच्यात मिसळतात आणि रानातले प्राणी बांधापर्यंत येतात. इथे समूळ उच्चाटनाचा मार्ग चालेल असे मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाने नाइलाजाने सोबत राहण्याचा मार्ग शोधला. १८७२ मध्ये जावाहून डार्विनला आलेल्या गुरांबरोबर गोचीड त्या खंडात उतरला आणि क्वीन्सलँडच्या विलायती वंशाच्या गुरांची दाणादाण उडाली. तिथे आधी बऱ्या झालेल्या जनावराचे रक्त टोचून सौम्य लागण देण्याचा प्रघात पडला, आणि पुढे क्षीण केलेल्या परजीवींची लस आली. महोनी आणि रॉस यांनी १९७२ मध्ये मांडलेली स्थिरतेची कल्पना याच परंपरेतली. वासरू लहान असताना बबेसियाची लागण झाली तर ते फारसे आजारी पडत नाही आणि जन्मभराचे संरक्षण मिळवते. गोचीड पुरेसे असतील तर सगळीच वासरे या वयात लागण घेऊन मोकळी होतात आणि कळपात आजार दिसत नाही. गोचीड अर्धवट कमी केले तर काही वासरे लागणीवाचून मोठी होतात आणि ऐन दुधाच्या वयात पहिल्यांदा परजीवीला सामोरी जातात. म्हणजे अर्धवट फवारणीने आजार वाढू शकतो. मला वाटते, या विषयातली सर्वांत मोलाची आणि शेतकऱ्याला समजावून सांगायला सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. थायलेरियाच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण संकरित वासरे त्या तापाने लहानपणीही मरतात. दोन्ही आजारांना एकच नियम लावणारे सल्ले त्यामुळे फसतात.

ऑस्ट्रेलियाचा दुसरा धडा पैदाशीचा. १९३३ मध्ये तिथे अमेरिकेतून ब्राह्मण जातीची गुरे आणली गेली. ही जात अमेरिकेत भारतीय वंशांतून घडलेली, म्हणजे गीर, कांकरेज, ओंगोल यांच्या रक्ताची, आणि आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या कृष्णाखोरी जातीचाही तिच्यात अंश मानला जातो. ज्या भूभागातून गोचीड जगभर गेला, त्याच भूभागातून त्याला पेलणारी गाय पुढे मागवावी लागली. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मांसाच्या गुरांत हे रक्त सर्वदूर आहे.

औषधे आणि लसी यांची परंपरा तिसरी. बबेसियावर डिमिनाझिन आणि इमिडोकार्ब, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालते. गोचीड तापावर मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत खात्रीचे औषध नव्हते. ब्युपारव्हाक्वोन आले आणि दवाखान्यातले चित्र पालटले. लक्षणे लवकर ओळखली तर एका इंजेक्शनाने गाय वाचू लागली. लसीचा पाया इस्राएलमध्ये घातला गेला. बाधित पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या की परजीवीची रोग करण्याची ताकद उतरते. भारतात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उभ्या केलेल्या हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने अशी लस ‘रक्षाव्हॅक-टी’ नावाने बाजारात आणली. ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते आणि बाहेर काढल्यावर झटपट टोचावी लागते, त्यामुळे ज्याच्याकडे दोन गाई आहेत त्याच्या दारापर्यंत ती पोचणे कठीण जाते. नव्वदच्या दशकात क्यूबा आणि ऑस्ट्रेलियाने गोचिडाच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर बेतलेली, थेट गोचिडाविरुद्धची लस काढली. तिचे यश प्रदेशागणिक वेगळे निघाले. २००५ मध्ये थायलेरिया ॲन्युलाटाचा संपूर्ण जनुकपट वाचला गेला, आणि नव्या लसींचा शोध आता त्या दिशेने चालू आहे.

या सगळ्यानंतर पुस्तकाच्या गाभ्यातला प्रश्न येतो: देशी आणि विदेशी. महाराष्ट्रात या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, देशी गाईला गोचीड ताप होतच नाही, विलायती रक्त हाच रोग. दुसरा म्हणतो, दूध हवे तर संकरित गाय हवी, आणि आजारांना औषधे आहेत. दोघांशीही मी सहमत नाही.

देशी गाईला लागण होते. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, कोणीही त्यातून सुटत नाही. होते ते एवढेच की बहुतेकदा ती आजार सोसून जाते. एडिंबरोच्या संशोधकांनी गोचिडाशी कधीच गाठ न पडलेल्या साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरियाची लागण दिली, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. लागण दोन्हींना झाली. साहिवाल वासरांचा ताप कमी राहिला आणि ती सावरली, होल्स्टीन वासरे गंभीर आजारी पडली. होल्स्टीनच्या शरीरात दाहाची प्रतिक्रिया फार मोठी उठते आणि परजीवीइतकीच तीही जनावराला खाते, असा त्याचा अर्थ लावला जातो. देशी वंशात ही प्रतिक्रिया आवरती असते. हा भाग रक्तातला. याच्या जोडीला कातडीचा भाग आहे. देशी जनावराचा केस आखूड, चकचकीत असतो, ते स्वतःला चाटून-झाडून घेते आणि त्याच्या कातडीतली प्रतिकारयंत्रणा गोचिडाला नीट रक्त ओढू देत नाही. त्यामुळे गोचीड कमी चढतात, आणि चढलेलेही पुरते भरत नाहीत.

तिसरा भाग रक्तातही नाही आणि कातडीतही नाही. तो लहानपणात आहे. रानात आईमागे चरणारे वासरू थोड्या गोचिडांशी, थोड्या परजीवींशी लवकर ओळख करून घेते. आपण देशी गाईचे जे कौतुक करतो त्यातला किती वाटा या लहानपणाचा आहे हे फारसे तपासतच नाही. बाहेरच्या राज्यातून महागड्या दराने आणलेली, सिमेंटच्या स्वच्छ गोठ्यात वाढलेली गीर गाय आपल्या गावच्या परजीवींना सुरक्षित आहे असे गृहीत धरू नये. एका मुलखातल्या परजीवीचे वाण दुसऱ्या मुलखातल्यासारखेच असते असेही नाही. सोसण्याची ताकद वंशात असते, तशी ती त्या वंशाच्या आणि त्या मुलखाच्या जुन्या सहवासातही असते.

संकरित गाईकडे बघताना हा सहवास तुटला कसा हे पाहावे लागते. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, आणि पुढच्या दशकात गोठवलेल्या वीर्यातून जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियनचे रक्त गावोगाव पोचले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती दर दहा दिवसांनी दुधाचा पैसा येऊ लागला. कित्येक घरांतली मुले त्या पैशावर शिकली आणि त्या कामाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. मात्र विलायती रक्त जहाजातून चालत न येता नायट्रोजनच्या टाकीतून आले, तेव्हा त्याच्याबरोबर मुलखाची सवय येणे शक्यच नव्हते. संकरित वासरू जन्मते इथेच, पण बांधून वाढते. रानातल्या गोचिडाशी त्याची लवकर आणि हळूहळू गाठ पडत नाही, आणि जुन्या दगडी गोठ्याच्या भेगांतला हायलोमा मात्र शेजारीच असतो. त्या गोठ्यात बहुधा म्हैसही असते. थायलेरिया ॲन्युलाटाचा मूळ यजमान आशियाई म्हैसच असावी असे मानले जाते. ती फारशी आजारी न पडता परजीवी बाळगते आणि शेजारच्या गाईसाठी लागणीचा झरा होते.

आणि आपली गुरे सतत प्रवासात असतात. लोणीच्या बाजारात विकत घेतलेली गाय रातोरात टेम्पोने दुसऱ्या जिल्ह्यात जाते. पंजाब, हरयाणा, बंगळूरकडून दुधाळ गाई येतात. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड कामगार बैलजोड्या घेऊन साखर कारखान्यांच्या तळांवर उतरतात. दुष्काळात चारा छावण्यांत दहा गावांची जनावरे एका दावणीला येतात. या प्रत्येक हालचालीत टेक्ससचीच गोष्ट लहान प्रमाणात घडत असते: सवयीचे जनावर परजीवी घेऊन येते आणि बिनसवयीचे मरते. पशुवैद्याने तापलेल्या गाईच्या मालकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा की गेल्या महिना-दीड महिन्यात गोठ्यात कुठले नवे जनावर आले.

हा विषय आज निकडीचा का झाला आहे, याची कारणे यातच दडलेली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात विदेशी व संकरित गाई-बैल पाच कोटींवर गेले, २०१२ मध्ये ते चार कोटींच्या आत होते. त्याच काळात देशी गुरे घटली, तरी ती चौदा कोटींच्या वर आहेत. म्हणजे सोसणारी आणि न सोसणारी जनावरे पूर्वी कधी नव्हती इतकी शेजारी-शेजारी बांधली जात आहेत. मिंजो आणि मॅक्लिऑड यांच्या २००३ च्या अहवालाने गोचीड आणि त्यांच्या आजारांमुळे भारताचे होणारे वार्षिक नुकसान सुमारे ५० कोटी डॉलर धरले होते. दुसरीकडे हातातली हत्यारे बोथट होत आहेत. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला न जुमानणारे गोचीड देशाच्या अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. अंदाजाने औषध मिसळून, कधी पातळ कधी जहाल फवारणी करून आपणच त्यांना तयार केले. ब्युपारव्हाक्वोनला दाद न देणारा थायलेरिया ट्युनिशिया आणि इराणमध्ये सापडला आहे, आणि आपल्याकडे तर प्रत्येक तापावर हे इंजेक्शन टोचण्याची सवय वाढते आहे. आयव्हरमेक्टिन टोचलेल्या गाईचे दूध त्याच आठवड्यात डेअरीला जाते, ते घराघरांतली मुले पितात, याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे.

माणसाचा संबंध इथे संपत नाही. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण आढळले, आणि त्या विषाणूचा वाहक हायलोमाच. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये असे वर म्हटले ते यासाठी. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीत लोकांना होणारा माकडताप वेगळ्या, रानातल्या गोचिडांमार्फत येतो, पण रानात चरून आलेल्या गुरांच्या अंगावरून ते गोचीड वस्तीच्या जवळ येतात. हे दोन्ही विषाणू आहेत, या पुस्तकाच्या मुख्य विषयाबाहेरचे. गोठ्यात हात घालणाऱ्या माणसाला मात्र ही सीमा माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून त्यांचा परिचय दिला आहे.

पुस्तक लिहिताना समोर दोन वाचक ठेवले होते: पदविका किंवा पदवी घेऊन नुकता तालुक्याला रुजू झालेला पशुवैद्यक, आणि चार-पाच गाईंवर संसार चालवणारी, रोज धारा काढणारी शेतकरी बाई. गाईच्या कासेवरचा गोचीड सर्वांत आधी तिला दिसतो, तरीही पशुवैद्यकाची पुस्तके तिच्याशी क्वचितच बोलतात. म्हणून रेणूंची नावे आवश्यक तेवढीच ठेवली आहेत, आणि गोठ्याची रचना, वासरांचे पहिले वर्ष, नवे जनावर आणल्यावर ते वेगळे ठेवण्याची शिस्त यांवर मोकळ्या हाताने लिहिले आहे. मुक्तसंचार गोठ्यात कोंबड्या सोडून गोचीड आटोक्यात ठेवणाऱ्या शेतकऱ्यांचे अनुभव प्रयोगशाळेच्या निष्कर्षांइतक्याच गांभीर्याने तपासले आहेत. कुठली गाय पाळावी हे पुस्तक सांगत नाही. जी पाळली आहे तिने कोणत्या मुलखात, कोणत्या भिंतींमध्ये, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर राहायचे आहे, ते नीट पाहायला शिकवण्याचा इथे प्रयत्न आहे.

काही प्रश्न मुद्दाम उघडे ठेवले आहेत. थायलेरिया ओरिएंटॅलिस हा भावंड-परजीवी निरुपद्रवी समजला जाई, पण केरळमध्ये त्याने गाई मारल्या आणि २०१२ पासून न्यूझीलंडच्या दुधाळ कळपांना त्याने बेजार केले. आपल्या काचपट्ट्यांवर तांबड्या पेशींत जे लहान ठिपके दिसतात त्यांतले किती त्याचे आहेत, हे फक्त सूक्ष्मदर्शकाने ठरत नाही, त्यासाठी पीसीआर चाचणी लागते. म्हणून पशुवैद्यक वाचकांना विनंती आहे की रंगवलेली काचपट्टी टाकून देऊ नये. तिच्यावर तारीख, गाव, जनावराची जात, वय आणि ते कुठून आले हे लिहून ठेवावे, आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे पाठवावी. नोंदीचा नमुना पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे.